कॅमेरा जवळ, स्टँड विमानाच्या पोटात

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विमानातून कॅमेरा आणि त्याचा स्टँड, म्हणजे ट्रायपॉड, कसा न्यायचा, हा आजचा विषय आहे. "आमची एसटी चुकते, तिथे विमान कुठलं?" असं कुणीतरी म्हणेलच. पण गेल्या काही वर्षांत आपल्या बायका दिल्लीच्या सरस मेळाव्याला जातात, हैदराबादला प्रशिक्षणाला जातात. कधी बोलावणारी संस्था विमानाचं तिकीट पाठवते. आणि आता बऱ्याच ग्रामसंघांकडे व्हिडिओ काढणाऱ्या मुली आणि बाया आहेत. आपल्या कामाचा व्हिडिओ दाखवायचा किंवा तिथे जाऊन नवीन काढायचा, तर सामान बरोबर न्यावंच लागतं.

कॅमेरा बाईच्या हातात असणं तसं नवीन नाही. अहमदाबादच्या सेवा संघटनेत १९८४ सालापासून बायका व्हिडिओ काढतात. त्यात भाजी विकणाऱ्या आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही होत्या. तेलंगणात पस्तापूरच्या दलित शेतकरी बायकांनी चित्रपट तर केलेच, पण २००८ पासून त्या स्वतःचा सामुदायिक रेडिओही चालवतात. तेव्हा आपण काही वेगळं करत नाही आहोत.

आता आमच्याकडची गोष्ट सांगते. आमच्या ग्रामसंघाने कॅमेरा, माइक, छोटा लाइट आणि ट्रायपॉड असा संच घेतला, तो बचतीतून आणि पापड-मसाल्याच्या नफ्यातून. म्हणजे तो एकीचा नाही, सगळ्यांचा आहे. त्या कॅमेऱ्यावर आमच्या दोघी तरुण मैत्रिणींनी गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टिपल्या. त्यातल्या एक आजी आता नाहीत. त्यांचा आवाज आता फक्त त्या कार्डात आहे.

हे दाखवायला दिल्लीचं बोलावणं आलं. बैठकीत पहिला प्रश्न निघाला तो सामानाचा. "एवढी महागाची वस्तू, तपासणीत अडवली तर? हरवली तर? त्यापेक्षा अमक्याचा मुलगा विमानाने जाऊन आलेला आहे, त्याच्याकडे कॅमेरा द्या. पोरी नुसत्या बसून जातील." हे बोलणाऱ्या काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना गटाच्या पैशाची काळजी होती. पण कॅमेरा चालवते ती एक आणि सांभाळणार दुसरा, असं झालं की हळूहळू तो कॅमेरा कुणाचा होतो, हे आपण सगळ्याजणी जाणतो. घराचा सातबारा असो की मोटरसायकल, आपण ते पाहिलेलं आहे.

म्हणून बैठकीत ठरलं की कॅमेरा चालवणारीच तो नेईल, पण नियम नीट समजून घेऊन. ते नियम आणि त्यामागची कारणं मी आज सांगते. कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही, आणि कुणी दटावलं तर घाबरायला होत नाही.

सामानाचे दोन भाग

विमानात आपलं सामान दोन ठिकाणी जातं. एक पिशवी आपल्याबरोबर वर, बसायच्या जागी येते. दुसरी बॅग काउंटरवर द्यायची असते. ती विमानाच्या पोटात जाते आणि उतरल्यावर फिरत्या पट्ट्यावर मिळते. देशातल्या प्रवासात बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर वरची एक पिशवी ७ किलोपर्यंत नेऊ देतात. तिची लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण ११५ सेंटिमीटरच्या आत हवी. खालच्या बॅगेला साधारण १५ किलो मिळतात. नेमका आकडा आपल्या तिकिटावर छापलेला असतो, तो वाचून घ्यायचा.

आता ७ किलोचा हिशोब करू. लेन्ससकट कॅमेरा एक किलो. माइक आणि त्याच्या वायरी अर्धा किलो. लाइट अर्धा किलो. बॅटऱ्या, चार्जर आणि पॉवर बँक मिळून एक किलो. आणि पिशवी स्वतःच सव्वा-दीड किलोची असते. झाले साडेचार किलो. आता अडीच किलोचा ट्रायपॉड त्यात घाला, सात भरले. शाल, औषधं, दशम्यांचा डबा कशात ठेवणार? शिवाय मोठा ट्रायपॉड मिटल्यावरही साठ सेंटिमीटरच्या आसपास भरतो आणि पिशवीच्या बाहेर डोकं काढतो.

म्हणून साधा नियम ठेवा. जे हरवलं तर परत मिळणार नाही, आणि ज्यात बॅटरी आहे, ते आपल्याजवळ. जे टणक आहे, लांब आहे, टोकदार आहे, ते खाली. कॅमेरा, लेन्स, कार्ड आणि बॅटऱ्या वर. ट्रायपॉड, स्क्रू पिळायच्या चाव्या, स्क्रूड्रायव्हर आणि कात्री खाली.

ट्रायपॉड वर का नको?

हा प्रश्न मला फोनवर सगळ्यात जास्त विचारला गेला. इंटरनेटवरच्या काही व्हिडिओंत लोक ट्रायपॉड हातात घेऊन विमानात चढताना दिसतात. ते खोटं नाही. अमेरिकेत तपासणीचे लोक तो हातातल्या सामानात चालवून घेतात. पण आपल्याकडे शेवटचा शब्द तपासणीला उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा असतो. क्रिकेटची बॅट, हॉकीची स्टिक, काठी हे हातातल्या सामानात चालत नाही, कारण त्याने मारता येतं. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा लांब दांडाही त्यांना तसाच दिसू शकतो. काही स्टँडच्या पायाला तर जमिनीत रुतणारे खिळे असतात. हातभर लांबीचा, टेबलावर ठेवायचा छोटा स्टँड बहुधा सोडतात. मोठा एका ठिकाणी सोडतील, दुसऱ्या ठिकाणी अडवतील. जाताना चालला म्हणून येताना चालेल असं नाही. आणि अडवला तर तेव्हा आपली मोठी बॅग आत गेलेली असते, मग परत काउंटरपर्यंत पळापळ, नाहीतर स्टँड तिथेच सोडायचा.

ही तपासणी एवढी कडक का झाली, तेही ऐका. १९९९ च्या डिसेंबरमध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं होतं. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे सोपवायला सुरुवात झाली. पहिला विमानतळ जयपूरचा, साल २०००. खाकी वर्दीतली ती बाई आपल्याला त्रास द्यायला उभी नाही. तिच्यामागे हा इतिहास आहे.

स्टँड बांधायचा कसा

खालच्या बॅगा एकावर एक रचतात, कधी आपटतात. म्हणून वरचं डोकं निघत असेल तर काढून वेगळं कपड्यात गुंडाळा. सगळ्या खुंट्या घट्ट करा, कारण हादऱ्याने स्क्रू सैल होऊन पडतात. तिन्ही पाय एकत्र नाडीने बांधा. खिळे असतील तर त्यावर जुने मोजे चढवा. मग स्टँड जुन्या लुगड्यात किंवा छोट्या गोधडीत गुंडाळून बॅगेच्या मधोमध तिरपा ठेवा आणि चारी बाजूंनी कपडे भरा. बॅगेच्या कडेला ठेवू नका, पहिला मार तिथेच बसतो.

एक बारीक गोष्ट. कॅमेऱ्याच्या बुडाला लागणारी चौकोनी पट्टी, ती स्टँडवर न ठेवता कॅमेऱ्यालाच लावून ठेवा. बॅग उशिरा आली आणि दुसऱ्याचा स्टँड मागून घ्यावा लागला, तर त्याची पट्टी आधी बदलावी लागते. त्यासाठी बऱ्याच पट्ट्यांच्या स्क्रूला खाच असते, त्यात रुपयाचं नाणं बसतं. म्हणजे चावी जवळ नसली तरी काम होतं.

आणि स्टँड अजिबातच मिळाला नाही तर? एका पिशवीत दोन किलो हरभरे किंवा तांदूळ भरा, तोंड बांधा, टेबलावर ठेवा आणि त्यात खळगा करून कॅमेरा बसवा. हलणार नाही. रानात प्राण्यांचे फोटो काढणारे लोकही अशीच पिशवी वापरतात. चढवायचा-वळवायचा शॉट जमणार नाही, पण समोर बसून बोलणाऱ्या बाईची मुलाखत छान होते.

घरून निघताना स्टँड आणि पिशवी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा. आपण शेतात शूटिंग करतो. विमानतळावर कधी कधी कापडाची छोटी पट्टी सामानावर फिरवून स्फोटकांचा अंश आहे का ते यंत्रात पाहतात. काही रासायनिक खतांतले घटक स्फोटकांतही असतात, त्यामुळे खताचे कण लागलेले असतील तर यंत्र शंका घेऊ शकतं. मग उगाच सगळी पिशवी रिकामी करून दाखवत बसावं लागतं.

बॅटरीचं कारण

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक खालच्या बॅगेत कधीच टाकायच्या नाहीत. हा नियम उलटा वाटतो. धोक्याची वस्तू खाली आणि बॅटरी मात्र वर, असं का?

मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या लिथियमच्या असतात. त्यात आतल्या आत स्पर्श झाला की ती तापते, तापली की आणखी तापत जाते आणि पेट घेते. वर बसायच्या जागी धूर आला तर कुणाला तरी दिसतो, आणि हवाई सेविकांना तो विझवायचं शिक्षण असतं. विमानाच्या पोटात पेटली तर तिथे जायला कुणाला वाटच नसते. २०१० मध्ये दुबईजवळ एक मालवाहू विमान आगीमुळे कोसळलं. त्यात मोठ्या संख्येने लिथियम बॅटऱ्या होत्या आणि दोन्ही वैमानिक गेले. २०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात एका प्रवासी विमानाला उडण्याआधीच आग लागली. सगळे प्रवासी बाहेर पडले, पण विमान जळालं. वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेमुळे ती लागली असावी असं तपास करणाऱ्यांनी सांगितलं. म्हणून पॉवर बँक वरच्या कप्प्यातही टाकू नका. आपल्याजवळ, डोळ्यांसमोर ठेवा, आणि विमानात तिच्यावर मोबाइल चार्ज करू नका.

किती मोठी चालते, याचा हिशोब आपल्या पासबुकाच्या हिशोबापेक्षा सोपा आहे. मर्यादा आहे १०० वॉट-अवरची. पॉवर बँकेवर एमएएच लिहिलेलं असतं. त्याला हजाराने भागा आणि ३.७ ने गुणा. २०,००० एमएएच असेल तर २० गुणिले ३.७, म्हणजे ७४. चालली. १०,००० ची म्हणजे ३७, तीही चालली. कॅमेऱ्याच्या बॅटरीचा आकडा तर सहसा ७ ते १६ च्या दरम्यान असतो आणि तो तिच्यावर छापलेला असतो. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि अशा दोनच चालतात. त्यावरची चालतच नाही. बाजारातून स्वस्तात घेतलेली, छपाई पुसलेली पॉवर बँक मात्र घरी ठेवा. आकडा वाचता आला नाही तर ती अडू शकते.

सुटी बॅटरी पर्समध्ये नुसती टाकू नका. आपल्या पर्समध्ये सुटी नाणी असतात, सेफ्टी पिना असतात, किल्ल्या असतात. त्यातलं काही बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकलं की ठिणगी पडते. प्रत्येक बॅटरीला तिची टोपी लावा. टोपी हरवली असेल तर टोकांवर चिकटपट्टी लावा आणि वेगवेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा.

तपासणीच्या रांगेत

दारात तिकीट आणि ओळखपत्र दाखवायचं. मग काउंटरवर मोठी बॅग द्यायची. बदल्यात तिची छोटी चिठ्ठी मिळते, ती सोन्यासारखी जपा. त्यानंतर सुरक्षा तपासणी. बायकांची तपासणी बाईच करते, पडद्याआड. कॅमेरा, लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक हे पिशवीतून काढून ट्रेमध्ये ठेवा. आधीच वरच्या बाजूला ठेवलं असेल तर मागची माणसं कुरकुर करत नाहीत. कॅमेरा चालू करून दाखवा म्हणाले तर दाखवता यावा, म्हणून त्यात भरलेली बॅटरी असू द्या. आणि पुढे जाण्याआधी ट्रेमधल्या वस्तू मोजा. मी मुलींना सांगितलं होतं, "सहा वस्तू काढल्या ना, सहा उचला."

एका मावशींनी विचारलं होतं, "त्या यंत्रातून गेलं की कार्डातलं पुसलं जातं का गं?" नाही मावशी, कार्डातलं काही पुसलं जात नाही. जुन्या काळच्या रोल असलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी, तो रोल या किरणांनी खराब होऊ शकतो. आपलं कार्ड सुरक्षित आहे.

पण कार्ड हरवू शकतं. म्हणून निघण्याआधी सगळं दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्या. एक प्रत गावात, ग्रामसंघाच्या कपाटात राहील. एक बरोबर जाईल, तीही कॅमेऱ्याच्या पिशवीत नको, अंगावरच्या छोट्या पाकिटात.

आता ज्यात बायका सगळ्यात जास्त गोंधळतात तो प्रसंग. कोल्हापूर, जळगाव अशा ठिकाणी लहान विमानंही येतात. त्यांचे वरचे कप्पे लहान असतात. विमान भरलेलं असेल तर दाराशी उभा असलेला कर्मचारी म्हणतो, "मॅडम, ये बैग नीचे जाएगा." आपण लगेच "हो साहेब" म्हणून देऊन टाकतो. तिथे थांबायचं. शांतपणे म्हणायचं, "भैया, इसमें कैमरा और बैटरी है. बैटरी नीचे नहीं रख सकते." हे खरं आहे आणि नियमाला धरून आहे. सीटखाली मावत असेल तर ते बहुधा ठेवू देतात. तरीही ऐकलं नाही, तर बॅटऱ्या, पॉवर बँक, कार्ड आणि शक्य असेल तर कॅमेराही बाहेर काढून शालीत गुंडाळून जवळ घ्या, आणि रिकामी पिशवी द्या. यासाठी एक कापडी थैली घडी करून वर ठेवलेली बरी.

आणखी एक. कॅमेरा जवळ आहे म्हणून कुठेही काढू नका. तपासणीच्या जागी शूटिंगला मनाई असते. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे. तिथे उडताना-उतरताना खिडकीतूनही शूटिंग करायचं नाही. पहिल्या प्रवासाची हौस मोठी असते, ती ढगांच्या वर गेल्यावर मोबाइलवर भागवा.

बॅग आली नाही तर

पट्ट्यावर बॅग आली नाही किंवा स्टँड मोडलेला निघाला, तर त्या हॉलमधून बाहेर पडू नका. तिथेच विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. ती चिठ्ठी इथे लागते. देशातल्या प्रवासात सामानासाठी कंपनीची जबाबदारी एका प्रवाशामागे जास्तीत जास्त २०,००० रुपयांपर्यंत असते, आणि खालच्या बॅगेतल्या मौल्यवान वस्तूंची जबाबदारी कंपन्या घेत नाहीत. आता लक्षात येईल, स्टँड खाली आणि कॅमेरा वर का. स्टँड गेला तर त्या भरपाईत दुसरा घेता येईल. कॅमेरा, आणि त्यातला आजींचा आवाज, त्यात बसत नाही.

आमच्या दोघी दिल्लीला जाऊन आल्या. सामान सगळं परत आलं. येताना तपासणीत त्यांची पिशवी पूर्ण उघडायला लावली, एकेक वस्तू काय आहे ते विचारलं. त्यातल्या धाकटीने माइकपासून बॅटरीपर्यंत सगळं सांगितलं. परत आल्यावर बैठकीत ती म्हणाली, "ताई, भीती वाटत होती, पण मला सगळ्याची उत्तरं येत होती." ज्या काकूंनी पुतण्याकडे कॅमेरा द्या म्हटलं होतं, त्यांनी त्याच बैठकीत विचारलं, "पुढच्या वेळी कुणाला पाठवायचं, ते आत्ताच ठरवा, म्हणजे तिला शिकवता येईल."

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात कॅमेरा असो की नुसता चांगला मोबाइल आणि छोटा स्टँड, पुढच्या बैठकीत एक काम करा. सगळं सामान सतरंजीवर मांडा. धान्याच्या काट्यावर पिशवी वजन करा. प्रत्येक बॅटरीवरचा आकडा वाचा आणि वहीत लिहा. वस्तूंची यादी, त्यांचे नंबर आणि बिलाचा फोटो दोघींच्या मोबाइलमध्ये ठेवा. मग एकीने तपासणी करणारी व्हायचं, दुसरीने प्रवासी, आणि "ये क्या है?" म्हणून एकेक वस्तू विचारायची. हसाल खूप, पण ती उत्तरं लक्षात राहतात. बोलावणं उद्या येईल नाहीतर वर्षाने, आपली पिशवी आणि आपली बाई तयार असू द्या.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे कळवा. पुढच्या भागात त्यांची उत्तरं देईन.